सप्ताहाची रेघ

उंबरघाटाच्या डोहात जाळं टाकायचं नाही, हा नेम गावाला कुणी घालून दिला ते आज कुणालाच सांगता येत नाही. वाईच्या खाली कृष्णा जिथे वळण घेते तिथे हा डोह. वर विठ्ठलाचं देऊळ, खाली दगडी पायऱ्या. शेवटच्या पायरीवर उभं राहून मूठभर चुरमुरे टाकले की पाण्यातून काळ्या पाठी वर येतात. हे खडशी मासे. पुस्तकात त्यांना महाशीर म्हणतात, गावात देवाचे मासे.

या माशांचं वय शोधायला संयोगिता आली, त्याला दोन वर्षं झाली. पोरगी इस्लामपूरकडची, सांगलीच्या कॉलेजात संशोधन करणारी. घाटाजवळ चंद्राबाईंच्या घरी सोप्यात तिची खाट, आणि खाटेखाली सूक्ष्मदर्शकाची पेटी. गावाने तिला एकच सूट दिली होती. मासा उचलायचा, पण मारायचा नाही. खालच्या वस्तीवरचा धुळा भोई झोळीने मासा वर घ्यायचा, चंद्राबाई ओलं फडकं धरायच्या, संयोगिता चिमट्याने अंगावरचा एक खवला काढायची, लांबी मोजायची, आणि मासा परत पाण्यात.

"एक केस उपटल्यागत," असं ती म्हणायची.

"मग तुझा उपटू का एक?" असं चंद्राबाई दर वेळी विचारायच्या.

खवला सूक्ष्मदर्शकाखाली धरला की झाडाचा बुंधा कापल्यासारखा दिसतो. भरपूर खायला असेल तेव्हा मासा वाढतो, खवल्यावरच्या बारीक ओळी ऐसपैस पडतात. उन्हाळ्यात पाणी आटतं, खाणं तुटतं, ओळी दाटीवाटीने येतात आणि एक गडद रेघ उमटते. एक उन्हाळा, एक रेघ. रेघा मोजल्या की वय कळलं. डोहातल्या थोराड माशांच्या रेघा भरल्या अठरा.

अठरा! हा आकडा तिने माघात हंबीररावबुवांना सांगितला आणि बुवांना जणू घबाड सापडलं. बुवा फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले, आता पंचक्रोशीत कीर्तनं करतात. आवाज असा, की मृदंग थांबला तरी ठेका चालूच वाटावा. त्यांनी तो आकडा कीर्तनात घेतला. पुराणं अठरा, गीतेचे अध्याय अठरा, भारताची पर्वं अठरा, "आन् आपल्या डोहातला देवाचा मासा अठरा वर्षांचा! कुणाच्या भरवशावर ऱ्हायला रं इतकी वर्षं? हाय का तुमची कुणाची अठरा वर्षांची एक तरी टेक?" ऐकणारे मान डोलवायचे. म्हाताऱ्या डोळे पुसायच्या. ते ऐकताना संयोगिताचीही मान ताठ व्हायची, खोटं कशाला सांगा.

आणि हा आकडा नुसता कीर्तनापुरता उरला नव्हता. गावातल्या इंद्रजितला डोह ठेक्याने घ्यायचा होता. शिकलेला, बोलका, वाईट नव्हे. जुने मासे काढायचे, नवी बोटुकली, बोटभर पिल्लं, सोडायची, दोन वर्षांत किलोकिलोचा माल, असं तो म्हणत होता. निकाल चैत्राच्या सप्ताहात, काल्याच्या दिवशी ग्रामसभेत लागायचा होता. अठरा वर्षांचा मासा जाळ्यात घालायला गाव काही तयार होत नव्हतं. डोह वाचणार होता, आणि तो संयोगिताच्या आकड्यावर वाचणार होता.

सप्ताहाचा चौथा दिवस, बुधवार. सकाळी धुळ्याने झोळी वर घेतली आणि तो ओरडला, "आवं काकी, ह्याच्या पाठीला काय हाय बगा!"

पावणेदोन फुटांचा मासा. पाठीवरच्या पंखासारख्या पराला चांदीची बारीक बाळी, हिरवट काळी पडलेली.

चंद्राबाईंच्या हातातलं फडकं गळालं. "ही माझी हाय गं! माझ्या जयराजची!"

गावाची ही रीत संयोगिता ऐकून होती. पोरगा फौजेत निघाला की त्याची आई भोयाकडून जिवंत मासा घेते, त्याला चांदीची बाळी घालते आणि डोहात सोडते. माझा परत येईपर्यंत तुझा तू सांभाळ, असं विठ्ठलाला सांगायचं. पण बाळीचा मासा पुन्हा हाती लागलेला तिने कधी पाहिला नव्हता.

"काकी, कवा सोडला हा?"

"जयराज भरतीला गेला तवा. सप्ताहाच्या आदल्या दिशी. नऊ वर्सं झाली की."

"केवढा होता?"

चंद्राबाईंनी अंगठा आणि करंगळी ताणून वीत दाखवली. "येवढुसा. शिपायागत वाटला, म्हणून घेतला."

संयोगिताने बाळी पुसून तिचा फोटो घेतला, खवला काढला, मासा सोडला आणि सोप्यात जाऊन पेटी उघडली. तिने मोजलं, परत मोजलं. तिसऱ्यांदा सुईच्या टोकाने एकेक रेघ बोट ठेवल्यासारखी मोजली.

सतरा.

नऊ वर्षांमागे सोडलेला मासा सतरा वर्षांचा, तर सोडला त्या दिवशी तो आठ वर्षांचा असला पाहिजे. आठ वर्षांचा आणि वीतभर? वीतभर खडशी तिने खाली भोयांच्या जाळ्यात कितीतरी पाहिले, मोजले होते. दोन वर्षांच्या वर त्यातला एकही नव्हता.

म्हणजे चंद्राबाई तरी चुकत होत्या, नाहीतर ती.

"काकी, नऊच का? सोळा-सतरा न्हाईत?"

"अगं, माझं पोरगं सतरा वर्सं नोकरीत असतं तर आता पेन्शनीला आलं नसतं का? आठवड्याला फोन करतो, इचार त्यालाच. न्हाईतर शमशेरभाईला इचार जा वाईत. बाळी त्यानंच केलीया."

गुरुवारी पहिल्या एसटीने ती वाईला गेली. शमशेरभाईंचं दुकान बाजाराच्या कोपऱ्यावर, जोडवी, वाळे, पैंजण. तिने मोबाईलवर बाळीचा मोठा केलेला फोटो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि फोटो डोळ्याजवळ नेला.

"आतल्या अंगाला सोळा मारलंय. दिसतंय न्हवं? माझा ठोकाच हाय तो. दर सालाचा ठोका वेगळा ठेवतो मी, कुणी जुना माल नवा म्हणून आणू नये म्हणून." मग हसून म्हणाले, "चंद्राबाईची बाळी व्हय? मजुरी घेतली नव्हती तिची. पोरगं फौजेत चाललं होतं. मासा जिता हाय?"

"हाय."

"मग पोरगं पण बरं आसंल. अल्ला राखो."

सोळा सालचा ठोका. चंद्राबाई चुकल्या नव्हत्या.

परत येताना ती पुलावर उतरली आणि कठड्याला टेकून उभी राहिली. दुपारची पंगत उठली होती. घाटावर बायापोरांची झुंबड. चुरमुऱ्यांची पोती, बुंदी, शिऱ्याच्या उरल्या पातेल्यांचं धुवण, सगळं डोहात चाललं होतं. सात दिवस असंच चालायचं. माणसांचा सप्ताह तो माशांचाही, असं गाव म्हणायचं. पाणी उकळल्यासारखं हलत होतं.

ती बघत राहिली, आणि मग मनात महिने मोजू लागली.

चैत्र. ऐन टंचाईचा महिना. बाहेर नदीत मासा उपाशी, आणि इथे मात्र सात दिवस मेजवानी. वाढ थांबली, रेघ पडू लागली, तेवढ्यात पोटभर खाणं आलं, मासा वाढला, सप्ताह उठला, पुन्हा उपास, पुन्हा रेघ. एका उन्हाळ्यात दोन. ती दोन वर्षं या गावात राहिली, स्वतःच्या हातांनी चुरमुरे टाकले, आणि हे तिच्या ध्यानात आलं नाही.

संध्याकाळच्या हरिपाठाआधी ती बुवांना देवळामागे गाठून सगळं सांगून मोकळी झाली.

बुवांनी गळ्यातली वीणा सावरली. "मग किती म्हणायचं आता?"

"अजून ठाऊक न्हाई. सगळे खवले सांगलीला आहेत. ते परत मोजायला लागतील."

"पोरी, बावीस कीर्तनांत सांगितलंय मी अठरा. लोकांनी मोबाईलवर घेतलंय. आन् आयतवारी सभा हाय. चार दिवस गप बस की. सभा हूं दे, मग मोज तुझं निवांत."

"बुवा, सभा माझ्या आकड्यावर होणार हाय."

"म्हणून तर म्हणतो!"

"म्हणून तर मला गप बसता येत न्हाई."

बुवा चिडले. "डोह ग्येला तर? इंद्रजित जाळं घालंल त्यात. तवा तुझा खरा आकडा काय कामाचा?"

तिने चप्पल घातली. "आयतवारी सकाळी येते. कीर्तन उभं राहायच्या आत."

"आन् न्हाई आलीस तर?"

"तर अठराच सांगा. पण मी येते."

सांगलीला पोचायला रात्र झाली. शुक्रवारी प्रयोगशाळा उघडली तेव्हा दारात पहिली तीच होती. एकशे बेचाळीस पाकिटं. प्रत्येकावर तिच्याच हाताने लिहिलेला आधीचा आकडा. तिने सगळ्या आकड्यांवर चिकटपट्टी लावली आणि पाकिटं पत्त्यांसारखी पिसली. जुना आकडा दिसला की डोळा तोच मोजतो, हे तिच्या मॅडमांचं पहिल्या दिवशीचं सांगणं. मॅडमना तिने फोन केला होता. त्या एवढंच म्हणाल्या, "चूक सापडली ना? मग आता तिची खूण शोध. खूण सापडली नाही तर तुझा नवा आकडाही अंदाजच."

खूण तिला दुपारी सापडली. काही रेघा खवल्याच्या सगळ्या कडेने सलग फिरत होत्या आणि बगलेत आधीच्या ओळींना कापून जात होत्या. काही मात्र समोर ठळक, पण बगलेपाशी पोचता पोचता विरून जात. पहिली उन्हाळ्याची खरी रेघ. दुसरी सप्ताहाची. तिने वहीत तसंच लिहिलं: ख आणि स.

बाहेर वाहनांची ये-जा वाढली, उतरली. शिपाई चहा ठेवून गेला, त्यावर साय धरली. ख स, ख स, ख स. तिची मान धरली, उजवा डोळा पाणावला, तिने डाव्याने मोजलं. शनिवारी दुपारपर्यंत शंभर झाले आणि तेव्हा तिला काहीतरी खटकलं. जोडी सगळीकडे नव्हती. जवळजवळ प्रत्येक खवल्यावर, कडेकडून आत येताना, एका ठरावीक जागी दोन खऱ्या रेघा लागोपाठ होत्या आणि त्यांच्याबरोबर सप्ताहाची रेघच नव्हती.

तिला वाटलं आपला सगळा डोलारा कोसळला. रेघ सप्ताहाची असेल तर ती दर साली हवी. तिने बाळीवाल्या माशाचा खवला पुन्हा लावला. तिथेही तेच. कडेकडून आत तीन उन्हाळे सोडले की चौथा आणि पाचवा, सप्ताहाशिवाय. ती बोटं मोजू लागली. गेलं साल, त्याआधीचं, त्याआधीचं, आणि मग...

तिने चंद्राबाईंना फोन लावला.

"काकी, सप्ताह कधी चुकला होता का?"

"शुभ बोल गं! चुकंल कसा?" मग त्यांनाच आठवलं. "कोरोनात नव्हता. दोन सालं. देवळाला कुलूपच होतं. डोहाकडं कुत्रं फिरकत नव्हतं."

वीस आणि एकवीस. दोन साल गावात टाळ वाजला नाही, आणि दोन साल माशाच्या अंगावर ती रेघ नाही.

संयोगिता खुर्चीत मागे टेकली आणि एकटीच मोठ्याने हसली. मग डोळे पुसून उरलेली बेचाळीस पाकिटं पुढे ओढली.

रविवारी ती घाटावर पोचली तेव्हा बुवा फेटा बांधत होते. तिने वही समोर धरली.

"दहा, बुवा. थोराड मासे दहा वर्षांचे. दहा रेघा उन्हाळ्याच्या, आठ सप्ताहाच्या. म्हणून अठरा दिसत होते. बाळीचा मासाही दहाचाच. त्याचा पहिला उन्हाळा बाहेर नदीत गेला, म्हणून त्याला सप्ताहाच्या सातच."

"दहाला दहा का न्हाईत? आठच का?"

तिने मोबाईलवरचा फोटो मोठा केला आणि दोन जागा दाखवल्या. "इथं न्हाई. आन् इथं न्हाई. कुलूप होतं तवा."

बुवांनी मोबाईल हातात घेतला. त्या दोन रिकाम्या जागांवर त्यांनी बोट फिरवलं.

"त्या दोन सालांत मी घरातच उभा ऱ्हायचो," ते हळू म्हणाले. "भिंतीकडं तोंड करून कीर्तन. बायको म्हणायची, कुणासाठी घसा फोडताय? मला वाटायचं, ह्या दोन वर्सांची कुठंच नोंद न्हाई बग." त्यांनी मोबाईल परत दिला. फेट्याचा शेव खोचला. "चल. तूच सांगायचं. मी मधी बोलणार न्हाई."

काल्याच्या कीर्तनाला मांडव भरलेला. बुवांनी निरूपणाच्या मध्यावर टाळकऱ्यांना हात केला. "मंडळी, माघापासून मी तुमाला एक आकडा सांगत आलो. तो चुकला. फौजेत रिपोर्ट चुकला की दुरुस्त रिपोर्ट त्याच जवानानं द्यायचा, साहेबासमोर उभं राहून. साहेब पाठीमागं इटेवर उभा हाय. ये पोरी."

संयोगिता उभी राहिली. तिने सगळं सांगितलं. आपण कुठे चुकलो, बाळी कशी सापडली, सप्ताहाची रेघ कोणती आणि उन्हाळ्याची कोणती. मांडवात कुजबूज झाली. आणि इंद्रजित उभा राहिला, तसा तो राहणारच होता.

"ताई, आज अठराचं दहा झालं. उद्या पाच हुतील, मग अडीच. आमी कशावर इश्वास ठेवायचा?"

हशा झाला. संयोगिता हशा ओसरायची वाट बघत राहिली.

"उद्या चुकलेलं सापडलं तर उद्याही हितंच उभी राहून सांगीन. आज सांगितलं तसं."

"बरं, दहा तर दहा. म्हणजे मासा तुमच्या पयल्या हिशोबापेक्षा दुप्पट झपाट्यानं वाढतो. मग काढला तर बिघडलं काय? परत वाढंल."

"दहा वर्षांत पावणेदोन फूट, दादा. तुमच्या शेततळ्यातलं कटला-रोहू दोन वर्षांत किलोचं होतंय, ह्याला तेवढ्यालाच चार-चार उन्हाळे जातात. आन् ह्याची मादी पाचव्या वर्षी पहिल्यांदा अंडी घालते." तिने वहीचं दुसरं पान काढलं. "खाली पुलापर्यंत भोयांच्या जाळ्यातल्या एकशे दहा माशांचे खवले मी घेतलेत. तिथं कुणी चुरमुरं टाकत न्हाई, तिथली रेघ साधी हाय, एका उन्हाळ्याला एक. त्या एकशे दहांत चार वर्षांच्या वरचा किती असंल?"

तिने बोट पानाच्या तळाशी नेलं.

"एकबी न्हाई. वाढायच्या आत जाळ्यात येतो. अंडी घालायच्या वयाचं मासं मला फक्त ह्या डोहात सापडलं. अठरा वर्षांचे म्हणून जपा, असं मी म्हणत न्हाई. आया आहेत म्हणून जपा."

मागच्या कोपऱ्यातून धुळा उठला. सभेत तो कधी बोलला नव्हता. त्याने आधी टोपी काढली, मग परत घातली. "आमच्या जाळ्यात येत्यात ती ह्या डोहाचीच पिल्लं मग. डोह उपसला तर आमी काय, वाळू धरायची?" आणि खाली बसला.

सभा काल्याचा प्रसाद वाटून झाल्यावर तिथेच बसली. हात वर झाले. ठेक्याच्या बाजूने एकतीस. विरोधात मोजताना ग्रामसेवक दोनदा चुकला. चंद्राबाईंनी उगाच दोन्ही हात वर केले होते आणि एक खाली घ्या म्हटलं तर म्हणत होत्या, दुसरा जयराजचा हाय. तिसऱ्यांदा मोजले, एकशे सात. डोह बंद राहिला. इंद्रजित जाताना तिच्यापाशी थांबला. "ताई, माझ्या शेततळ्यातल्या माशांचं वय बगून द्याल का? बोटुकलीवाला मला फसवतोय असं वाटतंय."

"खवले आणून द्या," ती म्हणाली.

ऊन कलल्यावर बुवा पायऱ्या उतरून आले. संयोगिता नि चंद्राबाई पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या. चंद्राबाई उरलेले चुरमुरे एकेक करून टाकत होत्या.

"पोरी, येक सांगू?" बुवांचे डोळे चमकत होते. "दहा म्हणजे दशावतार! आन् दहांतला पयला कोण? मत्स्य! परवा पसरणीला कीर्तन हाय. लय रंगणार."

"रंगवा की. पण बुवा, एक ध्यानात ठेवा."

"काय?"

"पुढच्या चैत्रात अकरा म्हणायचं."

बुवा पायरीवर थबकले. बोटांवर काहीतरी मोजलं, ओठ हलले. मग मान हलवून म्हणाले, "अकराचं काय घेऊन बसलीस? एकादशी हाय की!"

चंद्राबाईंनी मूठ उघडली. पाण्यात काळ्या पाठी वर आल्या, आणि त्यांच्यात एका पाठीवर काहीतरी क्षणभर लुकलुकलं. संयोगिताने ओलं फडकं पिळून पायरीवर वाळत घातलं. उद्या सकाळी तिला पुन्हा ते लागणार होतं.